घरगुती गोडा मसाल्याची ऑनलाइन विक्री : सहा हजारांच्या आत सुरुवात कशी करावी

ऑनलाइन व्यवसायाला भांडवल थोडे लागते हे खरे आहे, पण अर्धेच खरे आहे. दुकानाचे भाडे, अनामत रक्कम आणि फर्निचर वाचते. मात्र पार्सल, पाकिटे, वाटेत खराब झालेला माल आणि स्वतःचा न मोजलेला वेळ हे चार खर्च मागच्या दाराने घरात शिरतात, आणि ते वहीत कधीच न उतरल्यामुळे व्यवसाय चांगला चालला आहे असे वाटत असतानाच हातचे पैसे संपतात. साताऱ्यात मी आणि माझ्या जाऊबाई गेली चार वर्षे गोडा मसाला, मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी फोनवरून विकतो. भाजणे-कुटणे त्यांच्याकडे, हिशेब, फोटो आणि पार्सल माझ्याकडे. त्या अनुभवावरून, एकच पदार्थ उदाहरणाला घेऊन, सुरुवात कशी करावी ते येथे सविस्तर सांगते.

पदार्थ कोणता घ्यावा

पहिला पदार्थ कोरडा असावा. लोणच्याचे तेल झिरपते, लाडू फुटतात, चकली पिशवीत चुरा होऊन पोहोचते. मसाला, मेतकूट, भाजणी, सांडगे यांना प्रवास मानवतो. बाजारात तयार मसाल्यांची कमतरता नाही, त्यामुळे आपल्या मसाल्यासाठी जास्त पैसे मोजणारा गिऱ्हाईक कोण, याचा विचार आधी व्हायला हवा. आमच्या अनुभवात तो बहुतेक वेळा गाव सोडून गेलेला माणूस असतो. कोल्हापूरकडचा कांदा-लसूण मसाला, खानदेशी काळा मसाला, मालवणी मसाला, आमच्याकडचा गोडा मसाला यांपैकी प्रत्येकाची चव जिभेवर घेऊन पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये राहणारी माणसे आहेत, आणि त्यांना जवळच्या दुकानातल्या पाकिटात ती चव सापडत नाही. म्हणून दुसऱ्या भागाचा खपणारा मसाला शिकून विकण्यापेक्षा स्वतःच्या घरचा विकावा. वस्तू एकच ठेवावी. आम्ही पहिल्याच महिन्यात सात पदार्थांची यादी लावली होती आणि त्यातल्या चार पदार्थांचे सामान शेवटी घरात खाऊन संपवावे लागले.

मुठीचे प्रमाण वजनात आणणे

या पायरीला आम्हाला सर्वांत जास्त वेळ लागला आणि बहुतेक जण नेमकी हीच टाळतात. सासूबाईंचे प्रमाण मुठीचे, चिमटीचे आणि “रंग आला की बास” असे होते. एका दुपारी त्यांना मसाला नेहमीप्रमाणे करायला सांगून मी डिजिटल काटा घेऊन शेजारी बसले. त्यांनी उचललेली प्रत्येक मूठ आधी काट्यावर, मग कढईत. दगडफुलाची पहिली मूठ १४ ग्रॅम भरली आणि दुसरी १९. तिळाच्या दोन मुठींत तर ११ ग्रॅमचा फरक निघाला. घरच्या आमटीत हा फरक कोणाच्या लक्षात येत नाही, परंतु जानेवारीत घेतलेल्या पाकिटाची चव मार्चच्या पाकिटाला नसली की गिऱ्हाईक तक्रार न करता गप्प होते आणि पुन्हा मागवत नाही. तीन वेळा असे वजन करून आम्ही सरासरी काढली आणि धने, तीळ, सुके खोबरे, जिरे, शहाजिरे, दगडफूल, लवंग, दालचिनी, तमालपत्र, नागकेशर, मसाला वेलची, मिरी, खसखस, हळकुंड आणि हिंग यांची ग्रॅममधली यादी कपाटाच्या दाराला आतून चिकटवली.

भाजण्याचा क्रम आणि वेळही त्याच यादीत लिहावी. गोड्या मसाल्यात तीळ आणि खोबरे असल्यामुळे तो नुसत्या धने-जिरे पुडीच्या मानाने लवकर खवट होतो. खोबरे बदामी रंगावर कोरडे होईपर्यंत भाजले नाही, किंवा कुटून आणलेला मसाला गरम असतानाच पाकिटात भरला, तर आत वाफ धरते, गाठी होतात आणि पुढे बुरशी येते. डंकावरून आणलेला मसाला आम्ही मोठ्या परातीत पसरून, वर स्वच्छ कापड टाकून, रात्रभर निवू देतो. किती दिवस टिकतो हे अंदाजाने छापू नये. पहिल्या खेपेतली सहा पाकिटे तारीख टाकून बाजूला ठेवावीत आणि दर महिन्याला एक फोडून वास, रंग आणि चव पाहावी. आमच्या मसाल्याचा वास पाचव्या महिन्यानंतर उतरू लागला, म्हणून आम्ही चार महिन्यांची मुदत छापतो.

एका पाकिटाचा हिशेब

सामानाचे भाव गावागणिक आणि हंगामागणिक बदलतात, त्यामुळे पुढचे आकडे नमुन्याचे समजावेत. मांडणी मात्र हीच ठेवावी. समजा, पाच किलो मसाल्याचे सामान २,६०० रुपयांना आले. कांडप केंद्रात कुटाईचे ३०० रुपये आणि गॅस-तेलाचे १०० धरले की एकूण ३,००० रुपये झाले. साफसफाई, भाजणे आणि चाळणे यांत ३०० ग्रॅम घट येऊन हाती ४ किलो ७०० ग्रॅम मसाला राहिला. त्यातून २०० ग्रॅमची २३ पाकिटे भरली आणि उरलेला १०० ग्रॅम नमुन्याच्या छोट्या पुड्यांना गेला. म्हणजे एका पाकिटातला मसाला सुमारे १३० रुपयांचा. चेन असलेले उभे पाकीट ६ रुपये आणि लेबल ३ रुपये मिळवले की १३९.

इथपर्यंतचा हिशेब सगळेच करतात. आता वेळ. या खेपेला आम्हा दोघींचे मिळून नऊ तास गेले आणि तासाला ६० रुपये अशी बेताची मजुरी धरली तरी ५४० रुपये होतात, म्हणजे पाकिटामागे २३ ते २४ रुपये. “घरच्या घरी तर करतो, मजुरी कसली” असे म्हणणाऱ्या नातेवाइकांचे ऐकू नये. मागणी वाढून उद्या मदतीला बाई ठेवावी लागली तर हीच रक्कम रोख द्यावी लागेल आणि तेव्हा दर वाढवणे जड जाईल. पाकीट आता १६३ रुपयांना पडले.

मग पार्सल. एक पाकीट पाठवायला बाहेरची पिशवी ८ रुपये आणि टपाल किंवा कुरिअर ६० रुपये धरले तर खर्च २३१ रुपयांवर जातो. आम्ही सुरुवातीला हेच पाकीट “घरपोच २०० रुपये” असे विकत होतो. दर पाकिटाला ३१ रुपये पदरचे घालत होतो आणि मागणी वाढते म्हणून खूश होतो! तीन पाकिटे एकत्र पाठवली तर पिशवीचे १२ आणि पार्सलचे ८० असे ९२ रुपये तिघांत वाटले जातात, पाकीट १९४ रुपयांना पडते आणि २४० रुपयांना विकले तर ४६ रुपये उरतात. त्या दिवसापासून तीन पाकिटांखाली पार्सल नाही असा नियम केला. काही गिऱ्हाइके गेली. राहिलेल्यांनी शेजारणी आणि बहिणी जोडल्या.

महिन्याला अशा चार खेपा, म्हणजे ९२ पाकिटे विकली, तर सुमारे सव्वाचार हजार रुपये शिल्लक आणि त्याखेरीज दोन हजारांवर मजुरी, एवढेच पदरात पडते. घरबसल्या लाखो कमवा असे सांगणाऱ्या जाहिराती पाहून जे या वाटेला येऊ इच्छितात त्यांनी हा आकडा आधी नीट पाहावा. सुरुवातीचा खर्चही त्याच मापाचा ठेवावा : पहिल्या खेपेचे ३,०००, काटा ५००, शंभर पाकिटे ६००, शंभर लेबले ३००, पाकीट सील करण्याचे हातयंत्र १,००० आणि अन्न नोंदणीचे १००, असे साडेपाच हजार. वेबसाइट, लोगो करून देणारा डिझायनर आणि जाहिरातीचे पैसे यांपैकी काहीही पहिल्या सहा महिन्यांत लागत नाही. मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंतचे कर्ज मिळू शकते, पण एका पाकिटाचा हिशेब नफ्यात येण्याआधी घेतलेले कर्ज तोटाच मोठा करते.

नोंदणी, कर आणि लेबल

खाद्यपदार्थ घरातून विकला काय किंवा व्हॉट्सॲपवरून विकला काय, अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ लागू होतो. २०११ च्या नियमावलीने वर्षाला १२ लाख रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या उत्पादकांसाठी परवान्याऐवजी साधी नोंदणी ठेवली आणि तिचे शुल्क वर्षाला १०० रुपये ठरवले. मर्यादा आणि शुल्क वेळोवेळी बदलू शकतात, म्हणून अर्ज भरण्याच्या दिवशी केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या, फॉसकॉस या संकेतस्थळावरच्या अटी वाचाव्यात. अर्ज स्वतः भरता येतो; ओळखपत्र, फोटो आणि पत्त्याचा पुरावा जवळ असला की अर्ध्या तासाचे काम आहे. मिळालेला १४ अंकी क्रमांक प्रत्येक लेबलवर छापावा लागतो.

लहान उद्योगांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू आहे, ती आधार आणि पॅनवर होते आणि पूर्णपणे मोफत आहे. हे मुद्दाम लिहिण्याचे कारण असे की, शोध घेताना सरकारी वाटाव्यात अशा खासगी साइट वर येतात आणि अर्ज भरून देण्याचे हजार-दोन हजार मागतात. माझे दीड हजार असेच गेले. संकेतस्थळाच्या पत्त्याचा शेवट पाहावा. तो ‘जीओव्ही डॉट इन’ असा असला पाहिजे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली ठरावीक संख्येपेक्षा कमी कामगार असलेल्यांना नोंदणीऐवजी ऑनलाइन सूचना देणे पुरते. पुढे व्यवसायाच्या नावाने चालू खाते उघडताना बँका बहुधा हीच कागदपत्रे मागतात.

जीएसटीबद्दल गैरसमज फार आहेत. केवळ वस्तूंची आणि ती राज्यातल्या राज्यात विक्री असेल, तर महाराष्ट्रात वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या वर जाईपर्यंत नोंदणी बंधनकारक नाही. परंतु करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकला की ही सवलत संपते आणि पहिल्या पाकिटापासून नोंदणी लागते. हस्तकलेच्या काही वस्तूंना यात सूट आहे, मसाल्याला नाही. आपल्याकडे हा मुद्दा नकाशावर पाहण्यासारखा आहे. सांगलीहून गोंदियाला पार्सल जाते ते राज्यातच, आणि चंदगडहून तासाभरावरच्या बेळगावला किंवा सावंतवाडीहून पणजीला गेलेले पार्सल परराज्यातले. बेळगावच्या मावशीला भेट म्हणून पाठवलेला मसाला वेगळा, तिच्या भिशीतल्या मैत्रिणींना विकलेला वेगळा. पहिले वर्ष राज्यातच विक्री ठेवावी हा माझा सल्ला आहे. मोठ्या विक्री-संकेतस्थळांवरही १ ऑक्टोबर २०२३ पासून, राज्यांतर्गत विक्रीपुरते, जीएसटी नोंदणीशिवाय केवळ नावनोंदणी क्रमांक घेऊन माल विकण्याची सोय आहे. मात्र त्यांचे कमिशन वरच्या हिशेबात बसवून पाहिल्याशिवाय तिकडे वळू नये. परदेशातल्या मराठी मंडळींकडून दिवाळीच्या आधी हमखास विचारणा येते. व्यापारी निर्यातीला आयात-निर्यात संकेतांक लागतो आणि त्या देशाचे अन्नविषयक नियम वेगळे असतात. आम्ही त्यांच्या इथल्या नातेवाइकांना माल विकतो. तो बॅगेतून न्यायचा की नाही हे ते पाहतात.

लेबल हे नावापेक्षा मजकुरासाठी महत्त्वाचे असते. पदार्थाचे नाव, घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने, शाकाहाराची हिरव्या चौकोनातील हिरवी खूण, निव्वळ वजन, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत वापरावे, खेप क्रमांक, बनवणाऱ्याचे नाव आणि पूर्ण पत्ता, तक्रारीसाठी फोन व ई-मेल, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, आणि एक किलोच्या आतल्या पाकिटावर दर ग्रॅमची किंमत. आमच्या पाकिटावर ती १ रुपया २० पैसे अशी छापली आहे. तीळ, गहू, सोयाबीन, शेंगदाणे असे काही असेल तर ते ठळकपणे सांगावे, कारण काहींना त्याची ॲलर्जी असते. नाव छापण्याआधी ट्रेडमार्क नोंदवहीत, मसाले ज्यात येतात त्या वर्ग ३० मध्ये, तेच नाव कोणी घेतले आहे का हे विनाशुल्क शोधता येते. स्वतःचे नाव नोंदवायचे तर व्यक्तीसाठी ऑनलाइन अर्जाचे शुल्क ४,५०० रुपये आहे. ते पहिल्या वर्षी घाईने भरण्याची गरज नाही, शोध मात्र आधीच घ्यावा. आईच्या किंवा आजीच्या नावाचे मसाले महाराष्ट्रात इतके आहेत की आमची पहिली तीन नावे शोधातच बाद झाली.

गिऱ्हाईक, पैसे आणि पार्सल

१९५९ मध्ये गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला, ही गोष्ट अशा प्रत्येक कार्यशाळेत सांगितली जाते आणि भर असतो तो ८० रुपयांवर. माझ्या मते त्यातला उपयोगी तपशील वेगळा आहे : पहिली चार पाकिटे घेणारा भुलेश्वरचा व्यापारी ओळखीचा होता. ऑनलाइन विक्रीतही पहिली वीस गिऱ्हाइके ओळखीतूनच येतात. १०० ग्रॅमच्या शिल्लक मसाल्यातून प्रत्येकी एका आमटीपुरत्या दहा पुड्या करून दिल्या आणि आठवड्याने फोन करून “खारट झाली का, तिखट झाली का” असे नेमके विचारले, तर खरी उत्तरे मिळतात. नुसते “कसा वाटला” विचारले की सगळे “छान” म्हणतात.

व्हॉट्सॲप बिझनेस हे मोफत ॲप वेगळ्या सिमवर घ्यावे. त्यात वस्तूंचा कॅटलॉग लावता येतो, नेहमीची उत्तरे साठवता येतात आणि “पैसे आले”, “पार्सल गेले” अशा खुणा गिऱ्हाइकांच्या नावापुढे लावता येतात. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण घेता येतात, परंतु ज्यांनी आपला नंबर स्वतःच्या फोनमध्ये जतन केला आहे त्यांनाच तो संदेश पोहोचतो. म्हणून आम्ही प्रत्येक पार्सलमध्ये नंबर जतन करण्याची विनंती छापलेली चिठ्ठी घालतो. सोसायटीच्या ग्रुपवर ॲडमिनला विचारल्याशिवाय जाहिरात टाकू नये. इन्स्टाग्रामवर सजवलेल्या पाकिटाच्या फोटोपेक्षा खिडकीच्या उजेडात खोबरे भाजतानाचा वीस सेकंदांचा व्हिडिओ आमच्याकडे जास्त विचारणा आणतो. संदेश कधी पाठवायचा हे पंचांगावरून ठरते : उन्हाळ्यात मसाल्याचा, आषाढीच्या आधी उपवासाच्या भाजणीचा, दिवाळीच्या तीन आठवडे आधी चकलीच्या भाजणीचा.

पैसे आधी, पार्सल नंतर. पार्सल हातात पडल्यावर पैसे देण्याच्या पद्धतीत दार बंद असले की माल परत येतो आणि दोन्ही वेळचे भाडे आपल्याला बसते. यूपीआयने पैसे आल्याचा स्क्रीनशॉट हा पुरावा नव्हे. बारा पाकिटांच्या एका मागणीला मी स्क्रीनशॉट पाहून पार्सल पाठवले आणि पैसे कधीच आले नाहीत. बँकेच्या ॲपमध्ये रक्कम जमा झालेली दिसली तरच पाकिटे बाहेर काढावीत. पैसे स्वीकारण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करा किंवा पिन टाका असे कोणी सांगितले तर फोन ठेवून द्यावा, कारण पैसे घेताना पिन लागत नाही. विक्रीसाठी वेगळे बचत खाते पहिल्या दिवसापासून असावे. घरखर्च आणि मसाला एका खात्यात मिसळला की वरचा सगळा हिशेब निरर्थक होतो.

पार्सल बांधणे सोपे वाटते. मे महिन्यात नागपूरला पाठवलेली आमची पहिली सहा पाकिटे वाटेत फुटली आणि गिऱ्हाइकाने पाठवलेल्या फोटोत बाहेरची पिशवी आतून तपकिरी झालेली दिसत होती. दोष चेनवर विसंबण्याचा होता आणि पाकिटात राहिलेल्या हवेचाही. वरून दुसऱ्या पार्सलचे वजन आले की आतल्या हवेला बाहेर पडायला वाट लागते आणि चेन उघडते. आता पाकीट भरले की ते टेबलावर दोनदा आपटून मसाला खाली बसवतो, वरचा भाग तळव्याने दाबून हवा काढतो, चेन लावतो आणि चेनच्या वर यंत्राने सील करतो. तिन्ही पाकिटे मिळून एका प्लॅस्टिक पिशवीत, ती घट्ट बसेल अशा खोक्यात. खोके मोठे घेऊ नये, कारण कुरिअरवाले हलक्या पार्सलचे भाडे आकारमानावरूनही काढतात : लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागले की येणारे किलो प्रत्यक्ष वजनापेक्षा जास्त असतील तर तेच धरले जातात. ३० × २० × १५ च्या खोक्याचे असे १ किलो ८०० ग्रॅम होतात, आत मसाला ६०० ग्रॅम असला तरी. खेड्यापाड्यांतल्या पत्त्यांना स्पीड पोस्ट बरे पडते, कारण पोस्टमन घर ओळखतो.

वहीत गिऱ्हाइकाच्या नावापुढे फक्त तारखा लिहाव्यात. सहा महिन्यांनी ती पाने चाळली की कोणत्या पदार्थाच्या पुढे दुसरी आणि तिसरी तारीख आहे ते दिसते. आमच्या शेंगदाण्याच्या चटणीचे कौतुक सर्वांत जास्त झाले होते, पण तिच्यापुढे दुसरी तारीख जवळजवळ कुठेच नव्हती. ती आम्ही बंद केली. मेतकुटाबद्दल कोणी एक ओळही लिहून पाठवत नाही आणि दर पाच-सहा आठवड्यांनी तीच चौदा घरे ते मागवतात.